फेडलेलं क्रेडिट कार्ड बंद करताय? कात्री उचलण्याआधी हे वाचा

गेल्या वर्षी दिवाळीला आम्ही वडोदऱ्याला आत्याकडे गेलो होतो. फराळाच्या ताटल्या आवरून झाल्या आणि वहिनीने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. हातात ब्लाउजचं कापड बेतायची मोठी कात्री. आम्हाला कळेना, आता हे कसलं उद्घाटन! तिने दादाच्या पाकिटातून दोन क्रेडिट कार्डं काढली आणि सगळ्यांसमोर कचाकच कापली. आत्याने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

त्या साखरेला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी आत्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा विम्यात न बसलेला खर्च दादाने याच कार्डांवर केला होता. मग काही महिने 'मिनिमम ड्यू' तेवढं भरत राहिला. तुमच्यापैकी कोणी हे केलं असेल तर पुढचं सांगायला नको. महिना साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के. दादाच्या कार्डांवर मिळून १,२०,००० रुपये थकले होते. त्यावर महिन्याला ४,२०० रुपये नुसतं व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीचे आणखी ७५६ रुपये. वहिनीने सोन्याची खरेदी थांबवली, दादाने बोनस घातला, आणि सगळं फिटलं. दोन्ही कार्डं रीतसर बंद झाली. घरात एकच कार्ड उरलं.

फेब्रुवारीत दादाचा मला फोन आला. वाघोडिया रोडला टू बीएचके पाहिला होता, तीस लाखांचं गृहकर्ज हवं होतं. बँकेतल्या माणसाने आधी तोंडी सांगितलेला दर आता अर्ध्या टक्क्याने वाढला होता. का, तर स्कोअर ७३१ आलाय. दिवाळीच्या आधी तो ७७० च्या वर होता. "एक हप्ता चुकवला नाही, सगळं कर्ज फेडलं, कार्डं बंद केली, तरी माझाच स्कोअर कमी? हा कुठला न्याय?" दादा चिडला होता. मागून वहिनीचा आवाज आला, "अगं, तू असल्या विषयांवर लिहितेस ना, मग सांग की आमचं काय चुकलं!"

मी इंग्रजी साहित्य शिकलेली मुलगी. टक्केवारीचं गणित दिसलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो. पण हे गणित मी त्या रात्री बसून केलं, आणि ते तुम्हालाही सांगते, कारण तुमच्या घरातही एखादं फेडलेलं कार्ड 'आता बंदच करून टाकू' म्हणून ड्रॉवरमध्ये पडलेलं असू शकतं.

आधी अर्ध्या टक्क्याचं बोलू

अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. तीस लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता येतो साधारण २६,०३५ रुपये. तेच नऊ टक्क्यांनी घेतलं तर २६,९९२. महिन्याला ९५७ रुपयांचा फरक. हप्ते २४०. म्हणजे वीस वर्षांत जवळजवळ २ लाख ३० हजार रुपये जास्त. वहिनीने जे सोनं घेतलं नाही, त्याचा हिशोब तिने लगेच मांडला. तो मी इथे देत नाही.

स्कोअर नक्की कशावर बसतो?

आपण सरसकट 'सिबिल स्कोअर' म्हणतो, पण भारतात क्रेडिटची माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांचं काम २००५ च्या कायद्याखाली चालतं आणि लक्ष असतं रिझर्व्ह बँकेचं. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. तुम्ही हप्ते वेळेवर भरता का, मिळालेल्या उधारीच्या मर्यादेतली किती वापरता, तुमचा उधारीचा इतिहास किती जुना आहे, कर्जं कोणत्या प्रकारची आहेत आणि अलीकडे किती ठिकाणी अर्ज केलेत, हे सगळं त्यात येतं. कशाला किती गुण, याचे तक्ते मोबाइलवर फिरत असतात. त्यांच्यावर मी तरी विसंबणार नाही.

कार्ड बंद केल्यावर यातल्या दोन गोष्टींना धक्का बसतो. एकीला लगेच आणि जोरात, दुसरीला हळूहळू.

लगेच बसणारा धक्का: वापराचं प्रमाण

दादाकडे तीन कार्डं होती. मर्यादा दीड लाख, ऐंशी हजार आणि सत्तर हजार. एकूण तीन लाख. घरातला सगळा खर्च, म्हणजे किराणा, पेट्रोल, मुलाची फी, विम्याचा हप्ता, सत्तर हजारवाल्या तिसऱ्या कार्डावर होत होता, कारण त्यावर पॉइंट चांगले मिळतात. हा खर्च महिन्याला साधारण पंचेचाळीस हजार.

तीन लाखांपैकी पंचेचाळीस हजार म्हणजे १५ टक्के. छान. आता दीड लाखाचं आणि ऐंशी हजारांचं कार्ड बंद झालं. खर्च तेवढाच, पण मर्यादा उरली सत्तर हजार. पंचेचाळीस भागिले सत्तर. ६४ टक्के!

दादाने खर्च एका रुपयानेही वाढवला नव्हता. पण कागदावर तो असा माणूस दिसू लागला, ज्याची दोन तृतीयांश मर्यादा दर महिन्याला संपते. बँकेला त्याच्या घरातली साखर दिसत नाही, तिला ६४ टक्के दिसतात. वापर तीस टक्क्यांच्या आत ठेवावा असं साधारणपणे सांगितलं जातं. ती काही लक्ष्मणरेषा नाही, पण ६४ म्हणजे तिच्या फारच पलीकडे.

"पण मी बिल तर दर महिन्याला पूर्ण भरतो!" असं दादा म्हणाला, आणि तुम्हीही म्हणाल. इथेच बहुतेकांची फसगत होते. तुम्ही बिल भरता ते देय तारखेला. बँक मात्र तुमची शिल्लक कळवते ती तिच्या ठरलेल्या दिवशी. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती दर पंधरा दिवसांनी किंवा त्याहून लवकर कळवावी लागते. त्या दिवशी कार्डावर पंचेचाळीस हजार दिसले, तर रिपोर्टमध्ये पंचेचाळीस हजारच जातात, मग तुम्ही चार दिवसांनी सगळे भरले तरी.

हळूहळू बसणारा धक्का: वय

'जुनं कार्ड बंद केलं की सगळा इतिहास पुसला जातो' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. मीही ऐकलं होतं आणि दादाला ते सांगणार होते, पण तसं होत नाही. बंद झालेल्या खात्याची नोंद रिपोर्टमधून दुसऱ्या दिवशी गायब होत नाही. क्रेडिट माहिती कंपन्यांना ती किमान सात वर्षं ठेवावी लागते. तुम्ही वेळेवर भरलेली बिलं तिथे दिसत राहतात. फरक एवढाच की त्या खात्यात नवी चांगली नोंद पडणं थांबतं. जुनं झाड तोडलं तरी खोड काही काळ राहतं, तसं.

म्हणून दहा वर्षं जुनं कार्ड आणि दोन वर्षांपूर्वी मॉलमध्ये कोणीतरी गळ्यात मारलेलं कार्ड, यातलं एक बंद करायचं असेल तर मॉलवालं करा. आणि ज्यांच्याकडे आयुष्यभरात एकच कार्ड आहे, कर्ज एकही नाही, त्यांनी ते बंद केलं तर पुढे स्कोअर काढायला ताजी माहितीच उरत नाही. पंचविशीतल्या वाचकांनो, हे तुमच्यासाठी. आजी-आजोबांना मात्र याची चिंता करायची गरज नाही. पेन्शनवर निवांत असाल, कर्ज काढायचा विचार नसेल, तर स्कोअर वीस अंकांनी खाली गेला काय आणि वर गेला काय!

याची दुसरी बाजूही सांगते. एखाद्या कार्डावर पूर्वी हप्ते चुकले असतील, तर ते कार्ड बंद केल्याने ते डाग निघत नाहीत. तेही तेवढेच दिवस राहतात.

'फेडलं' आणि 'मिटवलं' यात फरक आहे

हा मुद्दा थांबून वाचा. थकबाकी जास्त झाली की वसुलीवाल्यांचा फोन येतो, 'एक लाख आहेत ना, साठ हजार भरा, विषय संपवू.' माणूस दमलेला असतो, हो म्हणतो. कार्ड बंद होतं, पण रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' असा शेरा येतो. म्हणजे या ग्राहकाने पूर्ण पैसे दिले नाहीत. पुढे गृहकर्ज मागायला गेलात की हा शेरा सगळ्यात आधी डोळ्यात भरतो. वापराच्या टक्केवारीने झालेली घसरण दोन-तीन महिन्यांत भरून येऊ शकते, या शेऱ्याची तशी येत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये तो असेल आणि आता हातात पैसे असतील, तर बँकेशी बोलून उरलेली रक्कम भरा, थकबाकी नसल्याचं पत्र घ्या आणि शेरा बदलून 'क्लोज्ड' करायला सांगा. हे सगळं लेखी.

मग वहिनीचं चुकलं का?

माझ्या मते नाही. वेळ चुकली.

हे मी वहिनीला खूश करायला लिहीत नाही. ज्या घरात कार्ड हातात आलं की खर्च होतोच, तिथे ते बंद करणं हाच शहाणपणा आहे. स्कोअर खाली जातो आणि परत वर येतो. बेचाळीस टक्क्यांनी गेलेलं व्याज परत येत नाही. तीन-चार हजार रुपये वार्षिक शुल्क घेणारं आणि तुमच्या काही कामाचं नसलेलं कार्डही उगाच स्कोअरसाठी पोसू नका. आधी फोन करून शुल्क माफ करा किंवा बिनशुल्काचं कार्ड द्या म्हणून विचारा. 'कार्ड बंद करायचंय' हे तीन शब्द ऐकल्यावर पलीकडचा आवाज किती गोड होतो, ते एकदा अनुभवाच.

पण येत्या सहा महिन्यांत घर, गाडी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचं असेल, तर कर्जाची रक्कम हातात पडेपर्यंत एकही जुनं कार्ड बंद करू नका. दादाने दिवाळीऐवजी जूनमध्ये साखर वाटली असती, तर काही बिघडलं नसतं.

मोहाचं काय, असं वहिनीने विचारलं. त्यालाही उपाय आहे. रिझर्व्ह बँकेने २०२० पासून ग्राहकांना कार्डाचे व्यवहार हवे तसे चालू-बंद करायची सोय दिली आहे. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ऑनलाइन खरेदी बंद करा, परदेशी व्यवहार बंद करा, टॅप करून पैसे देणं बंद करा, रोजची मर्यादा पाचशे रुपयांवर आणा. खातं चालू, दारं बंद. मात्र कार्ड पूर्ण विसरूही नका. वर्षभराहून जास्त काळ वापर नसेल तर बँक तुम्हाला कळवते, तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर ती स्वतःच कार्ड बंद करू शकते. दोन-तीन महिन्यांतून एकदा विजेचं बिल किंवा मोबाइलचा रिचार्ज त्यावरून करा आणि लगेच भरून टाका. एवढं पुरतं.

एकाच बँकेची दोन कार्डं असतील तर आणखी एक विचारून घ्या. अशा वेळी बऱ्याचदा दोन्ही कार्डांची मर्यादा सामाईक असते. मग एक बंद केलं तरी एकूण मर्यादा तेवढीच राहते. सामाईक नसेल, तर बंद होणाऱ्या कार्डाची मर्यादा दुसऱ्यावर वळवता येईल का ते विचारा. पुष्कळ जण हे विचारतच नाहीत.

बंदच करायचं ठरलं असेल तर

कात्रीने कार्ड कापलं म्हणजे खातं बंद झालं, असं समजू नका. आमच्या शेजारच्या काकांनी तेच केलं. कार्ड कापून कचऱ्यात टाकलं, बँकेला काही कळवलं नाही. वर्षाने ४९९ रुपयांचं वार्षिक शुल्क पडलं, जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैसे. मेसेज जुन्या नंबरवर जात होते. त्यावर उशिराचा दंड, त्यावर व्याज. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला की बँक खातं थकीत म्हणून कळवू शकते. जे कार्ड घरात नव्हतं, त्याची थकबाकी काकांच्या रिपोर्टमध्ये होती.

तेव्हा आधी कार्डावर कायकाय लटकलंय ते पाहा. ओटीटीचं सबस्क्रिप्शन, गॅसचं बिल, विम्याचा आपोआप जाणारा हप्ता दुसरीकडे वळवा. विम्याचा हप्ता विशेष, कारण तो चुकला तर नुकसान स्कोअरपुरतं राहत नाही. फ्रिज हप्त्यांवर घेतला असेल तर उरलेले हप्ते एकदम भरावे लागतील. परत केलेल्या वस्तूचे पैसे यायचे असतील तर थांबा. पॉइंट वापरून टाका, नंतर ते मिळत नाहीत. बायकोला किंवा मुलाला त्याच खात्यावर जोडकार्ड दिलं असेल तर तेही बंद होईल, त्यांना आधी सांगा. नाहीतर कोणीतरी पेट्रोल पंपावर अडकेल आणि घरी वेगळाच स्फोट होईल. एफडी ठेवून कार्ड घेतलं असेल, तर कार्ड बंद झाल्यावर एफडीवरचा बँकेचा ताबा उठवला का, तेही तपासा.

ज्यांनी बरेच महिने थकबाकी ठेवून मग एकदम भरली, त्यांच्यासाठी एक खास सूचना. व्याज रोजच्या रोज चढत असतं. शेवटच्या बिलापासून तुम्ही पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. तुम्हाला वाटतं शून्य झालं, आणि पुढच्या महिन्यात दोनशे-तीनशे रुपये उगवतात. म्हणून पैसे भरल्यावर आणखी एक बिल येऊ द्या, ते शून्याचं आहे ना ते पाहा, मगच बंद करायला सांगा.

अर्ज हेल्पलाइनवर, ई-मेलने, नेट बँकिंगवर किंवा ॲपमधून करता येतो. पोस्टानेच पत्र पाठवा, असा आग्रह बँकेला धरता येत नाही. मी ई-मेल सुचवेन, कारण त्याला तारीख असते. हेल्पलाइनचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच वापरा, गूगलवर शोधून मिळालेला नको. खोटे नंबर ठेवून कार्ड 'बंद करून देणारे' आणि मध्येच ओटीपी मागणारे भामटे पुष्कळ आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार, सगळे पैसे चुकते असतील तर बँकेने सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करून तुम्हाला तसं कळवायचं असतं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. कार्डात तुमचेच जास्तीचे पैसे पडून असतील तर तेही तुमच्या बँक खात्यात यायला हवेत. तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन दाद मागता येते. त्याला फी नाही.

मग महिना-दीड महिन्याने आपला रिपोर्ट उघडा. चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती इतक्या जणांना आहे की मला आश्चर्य वाटतं. बंद केलेल्या कार्डापुढे 'क्लोज्ड' आणि शिल्लक शून्य दिसायला हवी. चूक असेल तर त्याच कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मिळायचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

दादाच्या घराचं काय झालं?

बिल्डरने दोन महिन्यांची मुदत दिली. दादाने उरलेल्या कार्डाची मर्यादा सत्तर हजारांवरून दीड लाख करून मागितली. वहिनी या गोष्टीला तयार नव्हती. शेवटी तह झाला: मर्यादा वाढेल, पण ॲपमधली रोजची खर्चाची मर्यादा वहिनी ठरवेल. शिवाय दादा आता बिल तयार होण्याआधीच मध्ये एकदा पंचवीस हजार भरतो. त्यामुळे बिलात उरतात वीस हजार, म्हणजे दीड लाखांचे साधारण १३ टक्के. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी स्कोअर ७५८ आला आणि बँक जुन्या दराला तयार झाली. तुमचे आकडे वेगळे असतील, तुम्हाला कमी-जास्त वेळ लागेल.

बंद केलेल्या दोन्ही कार्डांपुढे रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' आलंय. वहिनीने त्या पानाची प्रिंट काढून नव्या घराच्या कागदांच्या फाइलमध्ये लावली आहे. त्याच फाइलच्या कप्प्यात एक छोटी प्लास्टिकची पिशवी आहे, आणि तिच्यात दिवाळीला कापलेल्या कार्डांचे आठ तुकडे.